दगडाकडे पाठ करून पाहा

नागपूरहून काटोल रस्त्याला लागून थोडं आत वळलं की एक माळ लागतो. तिथं मी पहिल्यांदा शिळावर्तुळं पाहायला गेले, तेव्हा वीस मिनिटांत परतले. गुडघ्याएवढे काळे दगड गोल मांडलेले, मध्ये वाळलेलं गवत, एका दगडावर शेळीच्या लेंड्या. दगड मोजले, फोटो काढले. पाहण्यासारखं आणखी काही उरलं आहे असं वाटलं नाही.

दुसऱ्या खेपेला एक गुराखी भेटला. मी वाकून दगड न्याहाळत होते, तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा होता. शेवटी त्यानं काठीनं माळ दाखवला आणि म्हणाला, "पाऊस आला का पाणी इथूनच फाटते, ताई. इकडलं त्या नाल्यात जाते, तिकडलं मागच्या नाल्यात." मी सरळ झाले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दगडाकडे पाठ केली. माळाचा माथा लांबवर पसरला होता. त्याच्या दोन्ही अंगांना जमीन हलकेच उतरत होती. आणि वर्तुळं एकामागून एक त्या माथ्यावरच बसलेली होती.

हा लेख त्या वळून पाहण्याबद्दल आहे. प्रागैतिहासिक दगडी स्मारकं पाहायला गेलात तर काय पाहावं, कसं पाहावं, कशाची नोंद करावी आणि काय टाळावं, ते इथं क्रमानं सांगते. उदाहरणं मुख्यतः विदर्भाची आहेत. पण ही पद्धत कर्नाटकातल्या हिरेबेनकलच्या टेकडीवर किंवा इंग्लंडमधल्या स्टोनहेंजलाही चालेल.

आधी एवढं माहीत असू द्या

विदर्भातली शिळावर्तुळं म्हणजे मृतांची स्मारकं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, म्हणजे लोखंड वापरात आलं त्या काळात, इथल्या लोकांनी ती उभारली. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमोहारी ही त्यांतली नावाजलेली ठिकाणं. एकट्या जुनापाणीच्या परिसरात सुमारे तीनशे वर्तुळं नोंदलेली आहेत. ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी १८७९ साली त्यांच्यावर लिहिलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९६१-६२मध्ये जुनापाणीची तीन वर्तुळं उत्खनन करून तपासली. पुढे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी, तर डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी नैकुंड इथं काम केलं.

या वर्तुळांमध्ये काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याचे दागिने आणि मणी सापडले. माहुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले आणि घोड्यांच्या अंगावर तांब्याचे अलंकार होते. आपल्या माणसाला निरोप देताना या लोकांनी हात आखडता घेतला नव्हता. मग ज्या जागी निरोप द्यायचा, ती जागा त्यांनी दिसेल तशी उचलली असेल का? हा प्रश्न मनात धरून घराबाहेर पडा, म्हणजे पाहणं आपोआप बदलतं.

घरी करायची तयारी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. तुम्ही जाणार असलेल्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. त्यावरच्या समोच्च रेषा, नाले, जुने गाडीरस्ते आणि गावांच्या जागा रंगीत पेन्सिलींनी ठळक करा. नाले निळ्या रंगानं रंगवले की दोन नाल्यांच्या मधला उंचवटा डोळ्यांत भरतो; पाणी फाटतं ती रेषा तीच. उपग्रहाचं छायाचित्रही पाहा. मोठी वर्तुळं कधी कधी त्यात फिकट गोल ठिपक्यांसारखी ओळखू येतात.

जायला डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ चांगला. गवत वाळून खाली बसलेलं असतं, आभाळ स्वच्छ असतं आणि ऊन सोसवतं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, दगड दिसत नाहीत आणि पायाखालचा सापही दिसत नाही. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात माळावर दोन तास काढायचा विचारही करू नका.

सोबत ठेवायच्या गोष्टी थोड्याच: होकायंत्र (मोबाइलमधलं चालेल), पाच मीटरची टेप, वही, पेन्सिल, छोटी विजेरी, भरपूर पाणी, घोटा झाकणारे बूट. आणि वेळ. एका ठिकाणासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवा. जमलं तर सूर्योदयाला पोचा किंवा सूर्यास्तापर्यंत थांबा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात जमीन सपाट दिसते. तिरप्या उन्हात वीतभर उंचवट्याचीही सावली पडते आणि लपलेलं वर्तुळ वर येतं.

वर्तुळ ओळखायचं कसं

शेतकरी नांगरताना निघालेले गोटे धुऱ्यावर टाकतात. रस्त्याच्या कामाचे ढीग पडलेले असतात. खडक फुटून नैसर्गिकपणे पसरलेले दगडही असतात. यांतून शिळावर्तुळ वेगळं काढायला तीन खुणा पुरतात.

पहिली खूण: दगड जमिनीवर ठेवलेले नसून जमिनीत बसलेले असतात. हलकेच वाकून बुडाकडे पाहा. माती दगडाला सगळीकडून घट्ट लागलेली असेल. दुसरी खूण: मधला भाग कडेपेक्षा किंचित फुगलेला असतो. आत दगडगोटे आणि मातीची भर घातलेली असल्यामुळे गोल गादीसारखा उंचवटा तयार झालेला असतो. तिसरी खूण: एक वर्तुळ दिसलं की जवळपास आणखी असतात. एकटं दुकटं वर्तुळ क्वचितच.

व्यास पावलांनी मोजा. बहुतेक वर्तुळं दहा ते वीस मीटरची भरतात, काही त्याहून मोठी. काही दगड गेलेले असतील, तरी उरलेल्यांच्या रेषेवरून गोल पुरा करता येतो. वर्तुळाच्या आतून चालणं शक्यतो टाळा. आपण कुणाच्या तरी समाधीशी आलो आहोत.

भंडारा आणि चंद्रपूरच्या बाजूला मोठ्या शिळा उभ्या करून वर छताचा दगड ठेवलेल्या रचनाही आहेत. तिथं वर्तुळाच्या खुणा लागू पडणार नाहीत, पण पुढची सगळी पाहणी तशीच करायची.

आता पाठ फिरवा

वर्तुळाच्या बाहेरच्या कडेला उत्तरेच्या दगडापाशी उभे राहा. दगड तुमच्या पाठीशी आणि तोंड उत्तरेला. पाच मिनिटं काहीही न लिहिता फक्त बघा. मग वहीत तीन ओळी लिहा: पायापासून शंभर पावलांत काय आहे, मधल्या अंतरावर काय आहे आणि क्षितिजावर काय आहे. हेच पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला करा.

चार बाजू झाल्या की फरक लक्षात येऊ लागतो. एका बाजूला नजर दहा-पंधरा किलोमीटर जाते, दुसऱ्या बाजूला शंभर मीटरवरच्या चढानं अडते. एका दिशेला टेकड्यांची ओळ दिसते आणि तिच्यातली एक टेकडी इतरांहून वेगळ्या आकाराची असते. हा फरक महत्त्वाचा. स्मारक सगळीकडून दिसावं म्हणून उभारलं असेल तर ते माथ्याच्या टोकावर असायला हवं. एखाद्या विशिष्ट खोऱ्यातूनच दिसावं असं असेल तर ते माथ्यापासून थोडं त्या खोऱ्याकडे सरकलेलं असतं. हे अंतर कधी वीस-तीस पावलांचंच असतं आणि ते नकाशावर कळत नाही. तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

मग उलट करा. वर्तुळापासून एका दिशेनं सरळ चालत जा आणि दर पन्नास पावलांनी मागे वळून पाहा. दगड दिसेनासे कुठं झाले? आणि दगड लपल्यावरही ती जागा, तो माथा, ओळखता येतो का? विदर्भातली वर्तुळं बुटकी आहेत. दोन-तीनशे पावलांवर दगड गवतात मिसळून जातात, पण ज्या उंचवट्यावर ती आहेत तो उंचवटा कितीतरी लांबून ओळखू येतो. तिथल्या माणसाला "आपले लोक तिकडे आहेत" असं बोट दाखवायला दगड दिसायची गरज नव्हती. डोंगराची कड पुरेशी होती.

माती, दगड, पाणी, वस्ती

जागेला विचारायचे हे चार प्रश्न आहेत.

माती. नागपूरकडचा शेतकरी जमिनीला एका नावानं हाक मारत नाही. काळी वेगळी, मोरंड वेगळी, खरडी वेगळी आणि बरडी वेगळी. वर्तुळं बहुधा बरडीवर भेटतात, म्हणजे मुरमाच्या, पातळ थराच्या, पीक न देणाऱ्या जमिनीवर. पिकाची जमीन जिवंत माणसांसाठी आणि माळ मृतांसाठी, असा हिशेब त्यात दिसतो. अर्थात काळ्या शेतात असलेली वर्तुळं नांगरानं केव्हाच मोडली असतील, हेही ध्यानात ठेवायला हवं. तरीही एक गोष्ट मला फार जवळची वाटते. उत्खननांत या वर्तुळांच्या आत चिकट काळी माती भरलेली आढळली आहे. पायाखाली सगळा मुरूम आणि आत काळी माती. ती कुणीतरी खालच्या अंगानं, नाल्याकाठून किंवा शेतातून पाट्या भरभरून वर आणली. माळावर गेलात की चिमूटभर मुरूम बोटांत चोळून बघा, मग उतरून खालच्या शेताच्या कडेची माती चोळा. अंगठ्याला चिकटून राहणारी ती काळी माती डोक्यावर घेऊन तो चढ चढणारी माणसं तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहतील.

दगड. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसलेलं आहे. पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी पुरातन खडक. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा: वर्तुळाचा दगड पायाखालचाच आहे का? जवळच्या ओढ्याच्या काठचा की टेकडीच्या कड्याखालचा? कडा गोल झिजलेल्या असतील तर दगडावर वारापाण्यानं फार काळ काम केलं आहे. कडा धारदार असतील तर तो फोडून आणलेला असू शकतो. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. माहुरझरी हे अशा दगडांचे मणी घडवणारं केंद्र होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. आर. के. मोहंती यांनी तिथं या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उत्खनन केलं. म्हणजे तोच भूभाग स्मारकाला दगड देत होता आणि गळ्यातल्या माळेला मणीही.

पाणी. सर्वांत जवळचा नाला शोधा आणि वर्तुळापासून तिथपर्यंत चालत जा. किती मिनिटं लागली ते लिहा. उन्हाळ्यात त्यात पाणी असतं का, ते गावात विचारा. 'जुनापाणी' या नावातच पाणी आहे. गावांची, शिवारांची, नाल्यांची नावं विचारून लिहून घेत जा. मात्र तलावांबाबत सावध राहा. आज चकाकणारे कितीतरी तलाव अलीकडच्या काही शतकांतले बांधीव आहेत. नाला जुना, तलाव नंतरचा, असं धरून चाला.

वस्ती. मेलेल्यांचा माळ सापडला. जिवंत माणसं कुठं राहत होती? आपल्याकडे जुन्या वस्तीच्या राखाडी, भुसभुशीत मातीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात, आणि उजाड झालेल्या गावाला विदर्भात रिठ म्हणतात. नदी-नाल्याच्या काठी अशी पांढरी आहे का, याची चौकशी करा. टाकळघाट-खापा या जोडनावात हेच चित्र आहे: वस्तीचं टेकाड टाकळघाटला आणि वर्तुळं शेजारच्या खाप्याला. नैकुंडला पेंच नदीच्या काठच्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टी सापडली. वस्तीवरून वर्तुळांचा माळ दिसतो का, आणि माळावरून वस्ती दिसते का, ते दोन्हीकडून तपासा. घरातून निघून समाधीपर्यंत जायची वाट कोणती असेल, याचा अंदाज पायांनी घ्या.

शेजार पाहा

एका वर्तुळावर थांबू नका. कागदावर सगळ्या गटाचं कच्चं रेखाटन करा. मोठी वर्तुळं वर आणि लहान खाली, असं काही आहे का? ती ओळीनं आहेत की घोळक्यानं? दोन गटांमध्ये मोकळी जागा सोडली आहे का, आणि ती का सोडली असावी? मधून ओहळ गेला आहे की खडक उघडा पडला आहे?

ही स्मारकं एका दिवसात उभी राहिली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच माळावर येत राहिले. ज्याला आपल्या आजोबांचं वर्तुळ ठाऊक होतं त्यानं बापाचं वर्तुळ कुठं घातलं, ते दोन वर्तुळांमधलं अंतर सांगतं. म्हणून रेखाटनात दगडांइतकीच काळजी मधल्या रिकाम्या जागांची घ्या.

आकाशाचा हिशेब, जपून

जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कारनॅक यांनाही ते दिसले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी जोडलेल्या अभ्यासकांनी अलीकडे त्यांची मोजणी केली, तेव्हा असे दगड वर्तुळाच्या मध्यापासून ठरावीक दिशांनाच येतात असं त्यांना दिसलं. त्यामागे आकाशाचं निरीक्षण असू शकेल, असं त्यांनी सुचवलं आहे.

हे खळगे पाहायचे असतील तर सकाळचं तिरपं ऊन उत्तम, नाहीतर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. खळग्यांत खडू, रंग, हळद-कुंकू काहीही भरू नका. फोटो उठून दिसतो, पण दगडावरचं कायमचं बिघडतं.

सूर्याच्या दिशा ओळखायला हाताची मूठ पुरते. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते. नागपूरच्या अक्षांशावर २१ जूनला सूर्य नेमक्या पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे २५ अंशांवर उगवतो, म्हणजे अडीच मुठी. २२ डिसेंबरला तितकाच दक्षिणेकडे. स्टोनहेंज बरंच उत्तरेला असल्यामुळे तिथं हेच अंतर सुमारे ४० अंश, म्हणजे चार मुठी होतं. मध्य भारतात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फार थोडा आहे, त्यामुळे अशा अंदाजाला मोबाइलचं होकायंत्र चालून जातं. फक्त मोटारीपासून आणि विजेच्या खांबापासून लांब उभे राहा.

आता सावधगिरीची गोष्ट. सूर्य वर्षभरात पूर्वेला जवळजवळ ५० अंशांच्या पट्ट्यात उगवतो आणि पश्चिमेला तितक्याच पट्ट्यात मावळतो. दोन्ही मिळून ३६० अंशांतले १०० अंश झाले. म्हणजे डोळे मिटून कुठलाही दगड निवडलात तरी तो सूर्याच्या एखाद्या उदयास्ताशी जुळण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक असते. एक दगड जुळला म्हणून वेधशाळा सापडली असं म्हणू नका. वीस वर्तुळांत तीच दिशा पुन्हा पुन्हा आली, तर ती लिहून अभ्यासकांना दाखवा.

पोचायची वाटही पाहणीचा भाग आहे

गाडी वर्तुळाशेजारी नेऊ नका. ती अर्धा-एक किलोमीटर आधी, शक्यतो नाल्याच्या बाजूला थांबवा आणि चढून या. जागा हळूहळू कशी उलगडते ते तेव्हाच अनुभवाला येतं.

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आपल्याकडचे आईवडील स्टोनहेंज पाहून येतात. बस दगडांपाशी सोडते, फोटो होतात, बस परत नेते. त्यांना माझी विनंती आहे: पायांना झेपत असेल तर बसऐवजी पर्यटक केंद्रापासून गवताळ रानातून चालत जा. स्टोनहेंजपासून एव्हन नदीपर्यंत दोन्ही बाजूंनी बांध घातलेली एक प्राचीन वाट जाते, तिला 'अ‍ॅव्हेन्यू' म्हणतात. त्या वाटेनं येताना दगड आधी लांबून दिसतात, मग जमीन खाली उतरते आणि ते पूर्ण लपतात, आणि शेवटच्या चढावर एकदम समोर उभे राहतात. ज्यांनी ती वाट आखली त्यांना हा क्षण ठाऊक होता. याच वाटेवरून आडवा गेलेला मोटाररस्ता २०१३ साली बंद करून तिथं पुन्हा गवत वाढू दिलं गेलं, तेव्हा तुटलेली वाट स्मारकाला पुन्हा जोडली गेली.

आजचं काय, तेव्हाचं काय

तुम्हाला दिसतो तो सगळा देखावा अडीच हजार वर्षांपूर्वीचा नाही. निलगिरीची लागवड, बाभळीचं रान, विजेचे मनोरे, तलाव, कालवा, खदान हे सगळं मनातल्या मनात पुसून टाका. डोंगराची कड, नाल्याचा मार्ग, खडकाची जात आणि सूर्याची दिशा या गोष्टी फारशा बदललेल्या नाहीत, त्यांच्यावर विसंबा. झाडीबद्दल बोलताना जीभ आवरा. आज उघडा असलेला माळ तेव्हा झाडीचा असू शकतो, आणि तसं असेल तर आपण लिहिलेलं "दहा किलोमीटरवरून दिसतं" हे वाक्य गळून पडतं. म्हणून वहीत दोन रकाने करा: 'आज दिसतं' आणि 'तेव्हा असावं'. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका.

गावातल्या माणसांशी बोला आणि त्यांना बोलू द्या. गुराखी, मेंढपाळ, मोहफुलं वेचणाऱ्या बायका यांना माळाचा प्रत्येक चढउतार पायांनी माहीत असतो. ही वर्तुळं गवळ्यांनी बांधली अशी आठवण नागपूरकडे सांगितली जात असे आणि शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदली गेली. ती इतिहास म्हणून घेऊ नका, पण खोडूनही काढू नका. माळ, गुरं आणि पाणी यांचं नातं त्या आठवणीत शिल्लक आहे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक वर्तुळासाठी वहीचं एक पान पुरतं. वर तारीख, वेळ, ऊन कसं होतं. मग व्यास, शिल्लक दगडांची संख्या, दगडाची जात, खळगे आहेत का. त्याखाली चार दिशांच्या तीन-तीन ओळी. पाण्यापर्यंतची चाल मिनिटांत. सर्वांत जवळच्या दुसऱ्या वर्तुळाचं अंतर पावलांत. शेवटी नुकसानीच्या खुणा: नांगर, खोदकाम, ट्रॅक्टरची चाकोरी, ले-आउटचे खुंट.

फोटो काढताना दगडाचा एक काढा आणि त्याच जागेवरून चारही क्षितिजांचे चार काढा. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन त्याच जागेवरून तेच चार फोटो घ्या. ही सवय दहाजणांनी लावून घेतली तरी दहा माळांचा इतिहास जपला जाईल. मात्र जी ठिकाणं अजून संरक्षित नाहीत त्यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधन शोधणारे असे फोटो बघत असतात. माहिती पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाला कळवा.

हात लावू नका, आणि भोवतालही राखा

जुनापाणीसह विदर्भातली अनेक ठिकाणं केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीनंच करता येतं. स्मारकाला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमिनीवर मणी, खापर, लोखंडाचा गंजका तुकडा दिसला तर जिथं आहे तिथंच राहू द्या, फोटो घ्या आणि कळवा. जागेवरचा मणी पुष्कळ सांगतो, खिशातला मणी मुका होतो.

कायद्याची ही मापं गरजेची आहेत, पण लेखभर आपण जे पाहिलं ते त्यांत मावत नाही. एका असंरक्षित माळावर मी चार वर्षांनी परत गेले. एकही दगड हललेला नव्हता. पण पूर्वेला दहा फुटी कंपाउंडची भिंत उभी राहिली होती, आणि नाल्याकडचा उतार भर टाकून सपाट केला होता. मी दगडाकडे पाठ करून उभी राहिले आणि समोर विटा होत्या. वर्तुळ शाबूत होतं. ते ज्या जागेशी बोलत होतं ती जागा गेली होती.

इंग्लंडमध्येही हा धडा उशिराच शिकला गेला. स्टोनहेंजचे दगड १९१८ साली देशाला दान मिळाले, पण भोवतालची जमीन खासगी होती आणि तिथं बांधकामं वाढू लागली. १९२७ साली लोकांना आवाहन करून वर्गणी जमवली गेली आणि सभोवारची शेकडो एकर जमीन विकत घेऊन ती नॅशनल ट्रस्टकडे सोपवली गेली. १९८६मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं तेही एकट्या स्टोनहेंजचं नव्हे. एव्हबरी आणि आजूबाजूची स्थळं धरून. आपल्याकडे ग्रामसभेत हा विषय मांडणं, माळाची गायरान म्हणून असलेली नोंद तपासणं, खदानीच्या परवान्यावर मुदतीत हरकत घेणं, शाळेची सहल तिथं नेणं, एवढं तर आपल्या हातात आहे. दगड कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून माळ 'पडीक' ठरतो. तो पडीक नाही, हे गावाला दाखवून द्यायचं काम आपलं.

त्या गुराख्याचं म्हणणं खरं का, ते पाहायला मी पुढच्या जुलैत छत्री घेऊन त्या माळावर गेले. अर्धा तास सर कोसळली. मुरमावरून पाण्याचा पातळ पदर सरकू लागला आणि एका वर्तुळाच्या फुगलेल्या पाठीवर आला. तिथं तो दुभंगला: अर्धा पूर्वेच्या नाल्याकडे, अर्धा मागच्या. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी अशाच पावसात तिथं उभं राहून हे पाणी पाहिलं असणार आणि आपल्या माणसासाठी ती जागा मनात धरली असणार. छत्री मिटून मी बराच वेळ तिथं थांबले. दगड माझ्या पाठीशी होते.